पाठीशी कोण होतं?

कमला सोहोनी यांचं नाव निघालं की एक प्रसंग हटकून सांगितला जातो. साल १९३३. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली कमला (तेव्हाची भागवत) बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज करते. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरात विज्ञानाचं वातावरण, गुण उत्तम, त्यामुळे प्रवेशाबद्दल शंका घ्यायचं कारण नव्हतं. पण संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन अर्ज नाकारतात, कारण अर्जदार मुलगी आहे. कमला थेट बंगळूर गाठते, कारण विचारते, हलायला तयार होत नाही. अखेर तिला प्रवेश मिळतो, पण अटींवर. पहिलं वर्ष तिच्याकडे नियमित विद्यार्थिनी म्हणून पाहिलं जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

हा प्रसंग सांगायलाच हवा. पण बहुतेक वेळा तो सांगून झाला की गोष्ट थांबते आणि त्यापुढचा महत्त्वाचा प्रश्न राहून जातो. प्रवेश मिळाला, पण पुढे काय? अशा अटींवर आत आलेल्या मुलीला त्या प्रयोगशाळेत शिकवलं कुणी?

ते होते एम. श्रीनिवासय्या. जीवरसायनशास्त्राचे अध्यापक, कामाला कडक आणि शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाने दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. डाळ हाच ज्या देशातल्या लाखो घरांचा प्रथिनांचा मुख्य आधार, त्या देशासाठी हा विषय किती मोलाचा होता हे वेगळं सांगायला नको. १९३६ साली तिने एम.एस्सी. पूर्ण केलं. तिचं काम पाहून रामन यांचंही मत बदललं आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

रामन यांचा नकार आज शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. श्रीनिवासय्यांचं नाव मात्र क्वचित ऐकू येतं. विज्ञानात पुढे गेलेल्या स्त्रियांची चरित्रं आपण अशीच वाचत आलो आहोत. अडवणारा कोण होता ते लक्षात राहतं, पाठीशी कोण होतं ते विसरलं जातं. या प्रकरणात आपण पाठीशी उभ्या राहिलेल्यांकडे पाहणार आहोत. आज एखाद्या मुलीने विज्ञानाची, तंत्रज्ञानाची वाट धरावी असं वाटत असेल, तर आपल्याला शिकायचं आहे ते त्यांच्याकडून.

एक टेबल, एक प्रश्न

बंगळूरनंतर कमला केंब्रिजला गेली. तिथे जीवरसायनशास्त्राचा विभाग सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचा होता. जीवनसत्त्वांच्या शोधातल्या वाट्यासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हॉपकिन्स. ती पोचली तेव्हा जागा भरलेल्या होत्या. त्या विभागात काम करणाऱ्या डेरेक रिश्टर यांनी आपलं टेबल दिवसा तिला वापरायला दिलं आणि तिची सोय झाली. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना तिला तिचा खरा विषय सापडला. सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं प्रथिन. बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या ऊतकांतही ते असतं, हे तिने दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. हाती आली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून तो पूर्ण व्हायला जेमतेम चौदा महिने लागले होते.

या तिघांनी तिला काय दिलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. श्रीनिवासय्यांनी विषय, प्रयोगाची रीत आणि स्वतःचा वेळ दिला. रिश्टर यांनी टेबल दिलं. हिल यांनी सोडवण्याजोगा प्रश्न दिला. तिघांनीही दिलं ते हाताला लागणारं, कामाला येणारं होतं. 'तू हुशार आहेस, तुला जमेल' असं कुणी म्हटलं असेलही, पण नुसत्या तेवढ्या शब्दांवर प्रबंध उभा राहिला नसता. मार्गदर्शक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा व्यासपीठावरून प्रेरणादायी भाषण देणारी व्यक्ती येते. कमलाबाईंच्या आयुष्यातले मार्गदर्शक प्रयोगशाळेत त्यांच्या शेजारी उभे होते.

त्याच बंगळूरच्या संस्थेत काही वर्षांनी आलेल्या अ‍ॅना मणी यांचा अनुभव या गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. केरळमधल्या पीरमेडमध्ये जन्मलेल्या मणी १९४० मध्ये शिष्यवृत्तीवर रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणकं यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी अपार कष्ट घेतले. १९४२ ते १९४५ या काळात त्यांच्या एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. प्रबंध तयार झाला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती आणि त्या एका नियमामुळे पीएच.डी. नाकारली गेली. प्रबंधातल्या कामाचा दर्जा कमी पडला नव्हता, कागद कमी पडला होता. पुढे त्या लंडनला गेल्या, हवामानशास्त्रीय उपकरणांकडे वळल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. सुमारे शंभर उपकरणांच्या आराखड्यांचं प्रमाणीकरण त्यांच्या देखरेखीखाली झालं. हवामान मोजण्याची साधनं देशातच बनली पाहिजेत, ती बाहेरून आणावी लागू नयेत, यासाठी त्यांनी पुढची सगळी कारकीर्द दिली.

मणींची कारकीर्द थोर आहे, त्यासाठी पदवीचा आधार लागत नाही. पण तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. विषय शिकवणं हा मार्गदर्शनाचा एक भाग आहे. कुठल्या टप्प्यावर कुठली पदवी लागते, कुठला अर्ज कधी भरायचा, कुठली अट पुढे आडवी येणार आहे, हे वेळेवर सांगणं हा दुसरा भाग आहे. विज्ञानात आधीपासून वावर असलेल्या घरांतल्या मुलांना ही माहिती जेवणाच्या ताटावर, बोलता बोलता मिळते. घरात पहिल्यांदाच कुणी विज्ञान शाखेला जात असेल, तर ती कुणीतरी मुद्दाम सांगावी लागते.

साखळी

अडवली गेलेली एखादी स्त्री पुढच्या स्त्रीला कशी वाट काढून देते, याचं मुंबईतलं एक उदाहरण फार बोलकं आहे. एडिथ पीची ही इंग्लंडची तरुणी १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला आलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत तिने इतके गुण मिळवले की होप शिष्यवृत्तीवर तिचा हक्क होता. त्या शिष्यवृत्तीसोबत प्रयोगशाळा वापरण्याची मुभाही मिळत असे. स्त्रियांचा वर्ग वेगळा घेतला गेला होता एवढ्याच सबबीवर ती तिला नाकारली गेली आणि खालच्या क्रमांकावरच्या विद्यार्थ्याला मिळाली. यावरून झालेल्या गदारोळाने ब्रिटनमधल्या स्त्री-शिक्षणाच्या लढ्याला धार आली.

हीच एडिथ पीची १८८३ मध्ये डॉक्टर होऊन मुंबईला आली आणि कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. त्याच सुमारास मुंबईत एक खटला गाजू लागला होता. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला होता. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं फर्मावलं, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. घरात ज्ञानाची ओढ होती. पण वैद्यक शिकायला परदेशी जायचं तर कसं जायचं, कुठे शिकायचं, पैसा कसा उभा करायचा, हे रखमाबाईंना कळलं ते पीचीबाईंकडून. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला आणि निधी उभारायला मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. त्यानंतरचं आयुष्य त्यांनी रुग्णसेवेत घालवलं.

रसायनशास्त्राची हक्काची शिष्यवृत्ती नाकारली गेलेल्या एका तरुणीने जवळपास वीस वर्षांनी हजारो मैलांवरच्या दुसऱ्या तरुणीला वाट दाखवली. पीचीबाईंना एडिंबरातल्या अपमानाचा सूड उगवता आला नाही. पण तसा अपमान आपल्यानंतर येणारीच्या वाट्याला येऊ नये, यासाठी त्यांनी आपलं ज्ञान आणि ओळखी कामी लावल्या.

आकडे काय सांगतात

अशा चरित्रांवरून एक आक्षेप घेता येईल. या सगळ्या असामान्य स्त्रिया होत्या, त्या कुठल्याही परिस्थितीत पुढे गेल्याच असत्या, मग मार्गदर्शकाचं श्रेय कशाला? हा आक्षेप तपासायचा तर एकेका चरित्रावर विसंबून चालणार नाही. सारख्याच क्षमतेच्या मुलींचे गट करावे लागतील, एका गटाला मार्गदर्शक द्यावे लागतील आणि दुसऱ्याला देऊन चालणार नाही. असा अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या शाखेत सामाजिक मानसशास्त्रज्ञ निलांजना दासगुप्ता आणि तारा डेनेही यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आलेल्या १५० मुलींवर हा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे तीन गट पाडले. एका गटातल्या प्रत्येकीला वरच्या वर्गात शिकणारी मुलगी मार्गदर्शक मिळाली, दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीला वरच्या वर्गातला मुलगा, तिसऱ्या गटाला कुणीच नाही. वर्षभर ठरावीक अंतराने भेटी व्हायच्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते. पहिल्या वर्षाच्या शेवटी, मुलगी मार्गदर्शक असलेल्या गटातल्या सगळ्याजणी अभियांत्रिकीत टिकल्या. मुलगा मार्गदर्शक असलेल्या गटातल्या १८ टक्के आणि मार्गदर्शक नसलेल्या गटातल्या ११ टक्के मुली शाखा सोडून गेल्या होत्या.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गुणांची आहे. मार्गदर्शक मिळालेल्या मुलींचे गुण वाढले, म्हणून त्या टिकल्या, असं झालं नव्हतं. गुणांमध्ये फारसा फरक नव्हता. फरक पडला होता तो 'आपण इथल्याच आहोत' आणि 'आपल्याला हे पेलेल' या दोन भावनांत. ज्यांना कुणी नव्हतं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वर्षभरात खाली गेला. ज्यांना वरच्या वर्गातली ताई मिळाली होती, त्यांचा टिकून राहिला. या मुलींचा मागोवा घेणाऱ्या पुढच्या अभ्यासात दिसलं की पहिल्या वर्षातल्या त्या मोजक्या भेटींचा परिणाम पदवीनंतरही शिल्लक होता.

फ्रान्समध्येही एक मोठा प्रयोग झाला. पॅरिस परिसरातल्या शाळांमधल्या सुमारे वीस हजार विद्यार्थ्यांपैकी काहींच्या वर्गांत एखादी वैज्ञानिक स्त्री येऊन तासभर आपल्या कामाबद्दल बोलली, काही वर्गांत कुणीच गेलं नाही. बारावीच्या समकक्ष वर्गातल्या विज्ञान शाखेच्या मुलींपैकी चुरशीच्या विज्ञान-तंत्रज्ञान अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांचं प्रमाण त्या एका तासाने सुमारे ११ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या पुढे गेलं. या मुली आधीच गणितात चांगल्या होत्या. त्यांना कमी पडत होतं ते एक जिवंत उदाहरण.

आपल्याच देशातला पुरावा पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातून येतो. तो प्रयोगशाळेबद्दल नाही, ग्रामपंचायतीबद्दल आहे. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीचं प्रधानपद काही गावांत स्त्रियांसाठी राखीव झालं आणि कुठल्या गावात ते व्हावं हे चिठ्ठीने ठरत होतं. संशोधकांनी ४९५ गावांत पाहिलं, तर जिथे दोन वेळा स्त्री प्रधान होती, तिथे मुलांच्या आणि मुलींच्या महत्त्वाकांक्षेतली दरी ३२ टक्क्यांनी आकसली होती. आईवडिलांच्या मनातली दरीही कमी झाली होती. या गावांत मुलींसाठी नवी शाळा बांधलेली नव्हती, नवी नोकरी आलेली नव्हती. आपल्यासारखीच एक बाई कारभार करते आहे, एवढं त्यांनी रोज पाहिलं होतं.

ही दृष्टी फार लहान वयात घडते. १९६६ ते १९७७ या काळात डेव्हिड चेंबर्स यांनी ४,८०७ मुलांना वैज्ञानिकाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांपैकी फक्त २८ चित्रांत वैज्ञानिक स्त्री होती आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. २०१७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की पाच वर्षांच्या मुली 'अतिशय हुशार' माणसात आपल्यालाही धरतात, पण सहाव्या-सातव्या वर्षी तो विश्वास ओसरू लागतो. म्हणजे अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत 'सायन्स झेपेल का?' असं विचारणाऱ्या मुलीच्या मनात तो प्रश्न दहा वर्षं मुरलेला असतो.

दोन माणसं

आता एक कोडं सोडवायला हवं. श्रीनिवासय्या, रिश्टर, हिल हे सगळे पुरुष होते आणि त्यांच्यामुळे कमलाबाई घडल्या. अ‍ॅमहर्स्टच्या अभ्यासात मात्र पुरुष मार्गदर्शकांचा मुलींना फारसा उपयोग झाला नाही. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे, कारण इथे दोन निरनिराळी कामं आहेत. एक काम अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाचं. प्रयोगशाळा देणं, शिफारसपत्र लिहिणं, परिषदेसाठी नाव सुचवणं, नियमाशी भांडणं, चांगल्या प्रश्नाकडे बोट दाखवणं. ज्याच्या सहीला वजन आहे तोच हे करू शकतो. तो पुरुष असो वा स्त्री, त्याची दानत आणि शब्द महत्त्वाचे. दुसरं काम आपल्याहून थोडीशीच पुढे असलेल्या व्यक्तीचं. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी कसं वाटतं, व्हायव्हात उत्तर आलं नाही तर काय करायचं, वर्गातल्या साठ मुलांमध्ये चारच मुली असतील तर ग्रुपमध्ये जागा कशी मिळवायची, घरचे 'आता पुरे' म्हणाले तर काय बोलायचं, हे तिला माहीत असतं, कारण हे सगळं तिने नुकतंच पार केलेलं असतं. तिच्याकडे अधिकार नसतो, पण तिचं तिथे असणं हाच पुरावा असतो.

कमलाबाईंना पहिल्या प्रकारची माणसं मिळाली. दुसऱ्या प्रकारची मिळणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या पुढे कुणी नव्हतं. म्हणून ती उणीव त्यांना आपल्या जिद्दीवर भरून काढावी लागली. पुढे दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि मग मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं, आणि कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीच्या माध्यमातून अन्नातली भेसळ कशी ओळखायची हे घराघरातल्या बायकांना शिकवलं.

पुढे चालणारी ताई नसण्याच्या या उणिवेवर एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीने विचारपूर्वक उपाय केला. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, कणभौतिकीत जगभर मान मिळवलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले यांनी राम रामस्वामी यांच्यासह 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने ते २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची आयुष्यं आहेत. घर, लग्न, मुलं, बदल्या, नकार, यश, सगळ्यासकट. ज्या मुलीच्या गावात वैज्ञानिक स्त्री नाही, तिच्यासाठी या पुस्तकाने एकदम शंभर ताया उभ्या केल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गोडबोले गेल्या. त्यांचं भौतिकशास्त्र जितकं टिकेल तितकंच हेही काम टिकेल.

गळती कुठे होते

आज भारतात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत मुली साधारण दोन-पंचमांश आहेत. हे प्रमाण अनेक श्रीमंत देशांपेक्षा चांगलं आहे. पण संशोधन करणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण २०१८ मध्ये १७ टक्क्यांच्या आसपासच होतं. म्हणजे वर्गात असलेल्या मुली प्रयोगशाळेपर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळतात.

पहिली गळती दहावीनंतर होते. गावात विज्ञान शाखेचं कनिष्ठ महाविद्यालय नसतं, तालुक्याला जावं लागतं. एसटीचा पास ग्रामीण मुलींना मोफत मिळतो, पण क्लास उशिरा सुटतो आणि शेवटची गाडी चुकेल या धास्तीने घरचे आर्ट्सचा सल्ला देतात. दुसरी गळती बारावीनंतर होते. जेईई, सीईटी, समुपदेशनाच्या फेऱ्या, होस्टेल, कागदपत्रं हे सगळं एका उन्हाळ्यात अंगावर येतं. तिसरी गळती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.च्या पुढे, लग्न आणि मूल यांच्या वयात होते.

शासनाने काही दारं उघडली आहेत. २०१८ पासून आयआयटींमध्ये मुलींसाठी अधिसंख्य जागा वाढत गेल्या आणि दहा टक्क्यांच्याही खाली असलेलं मुलींचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं. केंद्राची 'विज्ञान ज्योती' ही योजना नवोदय विद्यालयांच्या आधाराने नववी ते बारावीच्या मुलींना प्रयोगशाळा आणि वैज्ञानिकांच्या भेटी घडवते. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या स्वतंत्र योजना आहेत.

पण योजना असणं आणि ती मुलीपर्यंत पोचणं यांत बरंच अंतर आहे आणि ते अंतर माणसानेच कापावं लागतं. शुल्कमाफीचा अर्ज भरायला उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा लागतो, हे कुणीतरी सांगावं लागतं. होस्टेल नसेल, रस्त्यावर दिवा नसेल, कामाच्या जागी पाळणाघर नसेल, तर चांगल्यात चांगला मार्गदर्शकही तिथे कमी पडतो. म्हणून मार्गदर्शन हे या सोयींचा पर्याय होऊ शकत नाही. त्यांची मागणी तितक्याच जोराने करायला हवी.

हाताने शिकण्याची जागा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून उभा राहिलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. त्यात वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, आरोग्य आणि स्वयंपाक हे सगळं मुलामुलींनी सारखंच करायचं असतं. नववीतली मुलगी जाळीवर वेल्डिंगचा टाका घालते, मुलगा पोषणाचा तक्ता करतो. तंत्रज्ञान पुस्तकातून वाचलेल्या मुलीला ते परकं वाटू शकतं. स्वतःच्या हाताने बोर्ड जोडून दिवा पेटवलेल्या मुलीला ते परकं वाटत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे परिसरातल्या शाळांचे प्रकल्प मांडले जातात आणि गावोगावची मुलं-मुली खगोलशास्त्रज्ञांशी समोरासमोर बोलतात. पुण्यातली आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका, मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र अशा जागा महाराष्ट्रात आहेत. पण बहुतेक मुलींना तिथे कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. त्यासाठी शिक्षक, आत्या, शेजारच्या काकू, कॉलेजातली ताई, कुणीही चालेल.

काय करावं, काय करू नये

आपण वैज्ञानिक नसलो तरी मार्गदर्शक होऊ शकतो का? होऊ शकतो, काही पथ्यं पाळली तर. भेट नियमित हवी. वर्षातून एकदा तीन तासांपेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास जास्त उपयोगी ठरतो. मुलीला 'मोठेपणी काय होणार?' असं विचारण्याऐवजी 'या आठवड्यात कुठे अडलं?' असं विचारावं. सोल्डरिंग करताना तिचा हात अडखळला तर सोल्डरिंग आयर्न तिच्या हातातून काढून घेऊ नये. सर्किट बोर्डातला बिघाड तिनेच शोधून दुरुस्त करावा. पहिल्या घटक चाचणीत गणितात कमी गुण पडले की 'बघ, हे तुझं क्षेत्र नाही' असा निष्कर्ष काढण्यासाठी सगळे टपलेले असतात. नेमक्या त्या आठवड्यात तिच्यासोबत बसावं.

आईवडिलांशी बोलावं, त्यांना दोष न देता. त्यांची भीती बहुतेक वेळा खऱ्या गोष्टींची असते, प्रवासाची, खर्चाची, लग्न लांबण्याची. त्या प्रत्येक भीतीला माहितीने उत्तर देता येतं. मार्गदर्शन शाळेच्या किंवा घरच्यांच्या माहितीत, मोकळ्या जागी आणि इतरांच्या उपस्थितीत व्हावं. मुलीची सुरक्षितता ही पहिली अट आहे. आणि आपल्याकडे जो अधिकार असेल तो वापरावा. कारखान्यात सुपरवायझर असलेल्या माणसाने शाळेतल्या दहा मुलींना एक दिवस मशिनशॉप दाखवावं. प्राध्यापकाने सुट्टीतल्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीचं नाव सुचवावं. नोकरीला लागलेल्या इंजिनिअर मुलीने आपल्या जुन्या शाळेतल्या नववीच्या दोघींचा फोन नंबर घरच्यांना विचारून घ्यावा आणि दर महिन्याला फोन करावा.

मुलींमध्ये हुशारीचा दुष्काळ कधीच नव्हता. रखमाबाईंच्या काळात नव्हता, कमलाबाईंच्या काळात नव्हता, आज तर अजिबात नाही. कमी पडत आली आहेत ती वेळेवर सहीचा अधिकार वापरणारी आणि वेळेवर सोबतीला बसणारी माणसं. आतापर्यंत ती नशिबाने भेटत आली. कुणाला श्रीनिवासय्या भेटले, कुणाला पीचीबाई भेटल्या, आणि ज्यांना कुणीच भेटलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीतही नाहीत. ही नशिबाची गोष्ट ठरवून करण्याची गोष्ट बनवता येते, हे अ‍ॅमहर्स्ट आणि पॅरिसच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या माजी विद्यार्थिनींची यादी करावी. कोण नर्सिंगला गेली, कोण पॉलिटेक्निकला, कोण बी.एस्सी. झाली, कोण हवामान खात्यात किंवा एखाद्या कंपनीत काम करते, ते लिहून काढावं. मग नववीतल्या प्रत्येक इच्छुक मुलीला त्यांतली एक ताई जोडून द्यावी आणि जवळच्या कॉलेजातला एखादा अध्यापक शिफारशीसाठी ठरवून ठेवावा. याला मोठा निधी लागत नाही. शाळेच्या एका बैठकीत हे ठरू शकतं आणि दहावीच्या निकालाआधी सुरूही होऊ शकतं.